वैद्याला सांगितलेले गुपित

वैद्यापासून रोग लपवू नये आणि वकिलापासून सत्य लपवू नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण. रोगी ती पाळतो म्हणूनच वैद्यक चालते. जी गोष्ट मनुष्य सख्ख्या भावाच्या कानी घालीत नाही, पत्नी पतीला सांगण्यास धजत नाही, ती तो अवघ्या पाच मिनिटांच्या ओळखीच्या डॉक्टरपुढे निःसंकोच उघड करतो. हा विश्वास त्या डॉक्टरच्या व्यक्तीवर नसतो. तो त्याच्या धर्मावर असतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना गुरू जी बंधने घालतो, त्यांत रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, हे एक बंधन आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही तेच वचन आहे. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन संस्कृतींना एकच नियम सुचावा, यात नवल नाही. गुपित राखले जाईल अशी खात्री नसेल तर रोगी तोंड उघडणार नाही आणि रोग्याने तोंड उघडले नाही तर वैद्याची विद्या व्यर्थ आहे, हे दोन्हीकडच्या आचार्यांना सारखेच उमगले होते.

ते वचन माणसाने माणसाला दिलेले होते. आज मात्र रोग्याचे शब्द डॉक्टरच्या कानी पडतात न पडतात तोच संगणकात शिरतात. तिथून ते कोठे कोठे जातात? नोंदणीच्या खिडकीवरील कारकून, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषधभांडाराचा कर्मचारी, विम्याचा दावा तपासणारा अधिकारी, संगणकप्रणाली पुरविणारा कंत्राटदार आणि त्या कंत्राटदाराचा उपकंत्राटदार, अशी ही साखळी आहे. यांपैकी कोणीही चरकाची दीक्षा घेतलेली नाही. सांगणारा एक आणि ऐकणारे शंभर, अशी अवस्था झाल्यावर त्या गुपिताचा जबाबदार राखणदार कोण, हा प्रश्न विचारणे भाग आहे. आमच्या मते आजच्या आरोग्यव्यवस्थेपुढील हा एक अत्यंत निकडीचा प्रश्न आहे आणि तो जितक्या गांभीर्याने विचारला जावा तितका विचारला जात नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही संगणकाचे वैरी नव्हे. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आडगावातून बांबोळीला येणारा रुग्ण प्लॅस्टिकच्या पिशवीत आपल्या दुखण्याचा सारा इतिहास कोंबून आणतो, हे दृश्य गोमंतकात कोणी पाहिले नाही? त्या पिशवीत दहा वर्षांचे केस पेपर असतात; काही पावसात भिजलेले, काही वाळवीने खाल्लेले, काहींवरचे अक्षर लिहिणाऱ्यालाही लागणार नाही असे. महत्त्वाचा एक्स-रे नेमका घरी राहिलेला असतो. १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणाऱ्या या भूमीत रुग्णाचा इतिहास अशा पिशवीवर अवलंबून असावा, हे काही भूषणावह नाही. सर्व नोंदी एका ठिकाणी मिळाल्या, तर बेशुद्धावस्थेत आणलेल्या रुग्णाला कोणते औषध सोसत नाही हे डॉक्टरला क्षणात कळेल आणि त्याचा जीव वाचेल. म्हणून २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर सुरुवात झाली, तेव्हा तिचे स्वागत झाले ते योग्यच होते. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक २०२५ पर्यंत ७० कोटींहून अधिक लोकांचे निघाले. नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतील, रुग्णाने संमती दिली तरच त्या दुसऱ्याला दिसतील आणि हा क्रमांक घेणे ऐच्छिक असेल, अशी त्या योजनेची रचना आहे. कागदावर ही रचना चांगली आहे. परंतु करोनाची लस घेताना आधार क्रमांक दाखविलेल्या कित्येकांचे आरोग्य क्रमांक त्यांना न विचारताच निघाल्याच्या तक्रारी त्याच २०२१ साली झाल्या. संमती हा ज्या इमारतीचा पाया, तिची पहिली वीट अशी बसली असेल तर वरच्या मजल्यांविषयी शंका येणारच.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे ‘एम्स’चे, संगणक एकाएकी बंद पडले. देशातील या अग्रगण्य रुग्णालयाच्या नोंदी कोणा अज्ञाताने कुलूपबंद करून टाकल्या होत्या. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती अडकली आणि संगणकांच्या जाळ्याची योग्य विभागणी केलेली नसल्यामुळे हे शक्य झाले, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. सोप्या शब्दांत सांगायचे तर, घराच्या खोल्यांना दारेच नव्हती. चोर पडवीत शिरला तो थेट देवघरापर्यंत पोहोचला. नंतरचे जवळजवळ दोन आठवडे रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे निष्कर्ष आणि बिले हाताने लिहिण्याची पाळी आली. ज्या कागदाला निरोप देण्याची घाई झाली होती, त्याच कागदाने त्या दिवसांत रुग्णालय तगवले.

‘एम्स’मध्ये निदान कोणीतरी कुलूप फोडले होते. अनेक ठिकाणी कुलूपच नसते. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई परिसरातील एका रोगनिदान प्रयोगशाळेचे हजारो अहवाल इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील अशा स्थितीत आढळले. त्यांत एचआयव्ही तपासणीचे अहवालही होते. २०२० च्या आरंभी जर्मनीतील एका संगणकसुरक्षा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, भारतीय रुग्णांच्या एक्स-रे, सीटी स्कॅन आदी सुमारे १२ कोटी प्रतिमा पासवर्डावाचून उघडता येतात असे दिसून आले आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक वरचा होता. प्रत्येक प्रतिमेच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव, वय आणि रुग्णालय छापलेले असते, हे वाचकांना सांगावयास नकोच. आणखी एक प्रकार तर इतका साधा आहे की त्याला चोरी म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा. प्रयोगशाळा मोबाइलवर अहवालाचा दुवा पाठविते. त्या दुव्याच्या शेवटी एक क्रमांक असतो. प्रणाली निष्काळजीपणे बांधलेली असेल, तर त्या क्रमांकातील शेवटचा अंक बदलताच शेजारच्या रुग्णाचा अहवाल पुढ्यात येतो. दवाखान्याच्या बाकावर आपल्या शेजारी बसलेल्या माणसाचा कागद उचलून वाचण्यास जितके कौशल्य लागते, त्याहून अधिक कौशल्य याला लागत नाही.

ही केवळ आपल्या देशाची नामुष्की आहे, असे म्हणून मान खाली घालण्याचेही कारण नाही. शिस्तीबद्दल ख्याती असलेल्या सिंगापुरात २०१८ साली १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीस गेली. त्यांपैकी सुमारे १ लाख ६० हजार लोकांना कोणती औषधे दिली गेली हेही चोरांच्या हाती लागले आणि त्यांत खुद्द पंतप्रधान होते. फरक पुढे दिसतो. तेथील सरकारने रुग्णांना मोबाइलवर संदेश पाठवून तुमची माहिती गेली की नाही ते कळविले, चौकशी आयोग नेमला, जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अहवाल लोकांपुढे ठेवला आणि दोन्ही जबाबदार संस्थांना मिळून १० लाख सिंगापूर डॉलरांचा दंड झाला. चोरी सर्वत्र होते. चोरी झाल्यावर घरमालकाला कोण सांगतो, यावर राज्यकारभाराची पारख होते.

चोरलेल्या नोंदीचे मोल काय, याचा सर्वांत क्रूर धडा फिनलंडने दिला. तेथील वास्तामो या मानसोपचार संस्थेच्या नोंदी चोरीस गेल्या आणि २०२० मध्ये चोराने प्रथम संस्थेकडे, मग थेट रुग्णांकडे खंडणी मागितली. सुमारे ३३ हजार लोकांची ही गोष्ट आहे. उपचारकापुढे बसून मनुष्य जे बोलतो, म्हणजे बालपणीचे अत्याचार, आत्महत्येचे विचार, संसारातील विश्वासघात, ते सारे त्या टिपणांत होते. ‘२०० युरो द्या, नाहीतर हे जगापुढे मांडतो’, अशी पत्रे आजारी माणसांना आली. २०२४ साली जिल्हा न्यायालयाने या प्रकरणातील आरोपीला सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. पण शिक्षेने शब्द परत मिळत नाहीत. पैसे चोरीस गेले तर भरून येतात, पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो. आजाराचा इतिहास चोरीस गेला तर तो बदलून दुसरा घेता येत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ‘आमच्यापाशी लपविण्यासारखे आहे तरी काय? साखर आहे, रक्तदाब आहे. कळले तर कळू दे!’ हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही फार दूर नेणार नाही. म्हापशापर्यंतच नेऊ. १९८९ च्या फेब्रुवारीत पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेले. त्याचा गुन्हा कोणता? तो नियमाने रक्तदान करीत असे आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. तपासणीचा निष्कर्ष ज्याचे रक्त त्याला कळण्याआधी सरकारी यंत्रणेला कळला. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस पहाऱ्यात ठेवले गेले. उच्च न्यायालयात दाद मागावी लागली तेव्हा तो घरी परतला. त्याची नोकरी गेली. पुढे त्याने आपल्यासारख्यांसाठी संस्था उभारली आणि १९९२ साली तो वारला. त्या वेळी गोव्यात ना इंटरनेट होते, ना आभा क्रमांक. नोंदवहीतील एक ओळ चुकीच्या हाती आणि चुकीच्या मार्गाने गेली, एवढ्याने हे घडले. या प्रश्नाने पुढे देशाला विचार करावयास लावले आणि २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संमतीवाचून कोणाचीही ही माहिती उघड करण्यास सामान्यतः मनाई केली. पण कायदा येण्यास २८ वर्षे लागली. जी ओळ तेव्हा एका वहीत होती, ती आज शंभर संगणकांवर आहे.

लपविण्यासारखे काही नसणे ही प्रकृतीची देणगी आहे; ती आज आहे, उद्या नसेल. मुलीचे लग्न ठरत असताना तिच्या अपस्माराची वार्ता फुटली तर काय होते, बोटीवर नोकरीस निघालेल्या तरुणाच्या जुन्या क्षयाची नोंद एजंटाच्या हाती पडली तर काय होते, एखाद्या विधवेच्या गर्भपाताची कुजबूज वाड्यावर पोहोचली तर काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. आणि आपला गोमंतक लहान आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. येथे प्रत्येकजण प्रत्येकाचा कोणी ना कोणी लागतो. परदेशात बसलेल्या चोराला काणकोणच्या बाईच्या आजारात स्वारस्य नसेल. पण नोंदणीच्या खिडकीत बसलेल्या तिच्या नणंदेच्या दिराला ते असू शकते. लंडनच्या एका खासगी रुग्णालयात २०२४ साली राजघराण्यातील स्त्रीची नोंद कर्मचाऱ्यांनी उघडण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून चौकशी झाली. राजवाड्यातील रुग्णाला जी भीती, तीच वाड्यावरील रुग्णाला. फरक इतकाच की वाड्यावरच्या रुग्णासाठी चौकशी बसत नाही. कुंपणच शेत खाऊ लागले तर गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे?

येथवर गुपित फुटण्याचा विचार झाला. पण संगणकातील नोंदींचा दुसराही एक धोका आहे आणि तो अधिक प्राणघातक असूनही त्याची चर्चा कमी होते. तो म्हणजे एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर चढणे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांनी २०११ च्या सुमारास आपली यादी तपासली, तेव्हा तीत मारिया गार्सिया नावाच्या २,४८८ स्त्रिया निघाल्या आणि त्यांपैकी २३१ जणींची जन्मतारीखही एकच होती! त्याच देशातील एका रुग्णसुरक्षा संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात १८१ आरोग्यसंस्थांतून आलेली ७,६१३ प्रकरणे तपासली. सर्वांत समान धागा हा की रुग्णाची ओळख पटविण्यात चूक झाली होती. त्यांपैकी सुमारे नऊ टक्के प्रकरणांत रुग्णाला इजा झाली किंवा तो दगावला.

मारिया गार्सियांची संख्या वाचून हसू येत असेल, तर आपल्या तालुक्यातील मतदारयादी उघडून पाहावी. गावकर, नाईक, गावडे, देसाई या आडनावांनी पाने भरलेली दिसतील आणि एकेका वाड्यावर चार-चार सुनीता सापडतील. त्यावर आपल्या इतिहासाने आणखी गुंतागुंत केली आहे. पोर्तुगीज अमदानीतील दप्तरांत शेणव्यांचे ‘सिनाय’ झाले, प्रभूंचे ‘पोरोब’ झाले, कामतांचे ‘कामोतीं’ झाले. आजोबांच्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि नातवाच्या आधार पत्रावर तिसरे. नावात बदल करून घेण्यासाठी गोव्याला १९९० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. आणि आपल्या हिंदू घरांतील रीत तर सर्वश्रुत आहे: लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर अनेक घरांत पाळण्यातले नावही बदलते. माहेरच्या शैलाची सासरी सुनंदा झाली. पण माहेरच्या दवाखान्यात शैलाला पेनिसिलिन सोसत नाही अशी जी नोंद आहे, ती सुनंदाच्या नोंदीत कोणी नेऊन ठेवली? जुन्या पिढीतील ज्यांना जन्मतारीख ठाऊक नाही, त्यांच्यापैकी कित्येकांच्या नावापुढे एक जानेवारी ही तारीख पडलेली असते. म्हणजे नाव, आडनाव आणि जन्मतारीख या ओळखीच्या तिन्ही खुणा आपल्याकडे डळमळीत आहेत.

यांतून दोन प्रकारच्या चुका होतात. पहिलीत एका माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. मग अर्धी माहिती एकीत आणि अर्धी दुसरीत राहते. दुसरीत दोन माणसांची मिळून एकच नोंद होते. सकाळच्या गर्दीत खिडकीवरील कर्मचारी नाव टाइप करतो, पडद्यावर सहा नावे येतात, तो घाईत तिसऱ्याऐवजी चौथ्यावर बोट ठेवतो, आणि त्या क्षणापासून एकीचा रक्तगट, एकीची साखर, एकीची गाठ दुसरीच्या नावावर चढते. पुढचा डॉक्टर ते वाचतो आणि वाचलेल्यावर विश्वास ठेवतो. मोबाइल क्रमांकाने तर आणखी एक घोळ वाढविला आहे. घरात क्रमांक एक, माणसे पाच. मग सासूचा अहवाल पुतण्याच्या फोनवर येतो आणि सुनेचा सासऱ्याच्या. नोंदीतली चूक आणि गुपिताचा स्फोट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे येथे दिसून येते. माझी नोंद दुसऱ्याच्या नावावर गेली, तर मी चुकीच्या औषधाने धोक्यात येतो आणि माझे गुपितही त्याच्या हाती जाते.

कागदाच्या काळात अशा चुका होत नव्हत्या काय? अवश्य होत. पण कागदावरील चूक त्या कागदापाशीच थांबे. संगणकातील चूक प्रवास करते. एका रुग्णालयात चुकीने लिहिलेला ‘मधुमेह’ हा शब्द दुसऱ्या रुग्णालयात जातो, तेथून विमा कंपनीकडे जातो आणि पाच वर्षांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेचा दावा ‘आजार आधीपासून होता’ म्हणून नाकारला जातो. रुग्ण म्हणतो, मला मधुमेह नव्हताच. उत्तर मिळते, नोंदीत तर आहे. माणूस समोर उभा असताना त्याच्यापेक्षा नोंद खरी मानली जाते, आणि ती नोंद कोणी, केव्हा, कशावरून केली हे त्याला कोणी सांगत नाही. मूळ रुग्णालयाने ती सुधारली तरी पुढे गेलेल्या प्रती कोण सुधारणार?

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते पाहणे अगत्याचे आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केवळ आरोग्यविषयक माहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. आरोग्याची माहिती ही ज्याची त्याच्या मालकीची, हे तत्त्व त्यात होते. तो मसुदा कायद्यात उतरलाच नाही. त्याऐवजी २०२३ मध्ये सर्व प्रकारच्या वैयक्तिक माहितीसाठी एकच कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती बाळगणाऱ्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. २०११ च्या नियमांनी आरोग्याच्या नोंदींना संवेदनशील माहितीच्या वेगळ्या वर्गात बसविले होते; नव्या कायद्यात असा वेगळा वर्ग नाही. दुकानातील खरेदीची पावती आणि कर्करोगाचे निदान एकाच तागडीत! दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, हे खरे. परंतु ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याचे गुपित फुटले त्या रुग्णाला या कायद्याने एक रुपयाही मिळत नाही. उलट त्याने खोटी वा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले, तर त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जखम एकाची आणि मलमपट्टी दुसऱ्याला, असा हा न्याय आहे.

मग करावे काय? संगणक फेकून पुन्हा वाळवीच्या स्वाधीन व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. उपाय आहे आणि तो एका छोट्या देशाने करून दाखविला आहे. एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे १३ लाख, म्हणजे गोव्याहूनही थोडी कमी. तेथे २००८ पासून देशव्यापी आरोग्यनोंदी संगणकावर आहेत. पण तेथील नागरिक आपली नोंद उघडून, ती कोणी व केव्हा पाहिली, हे स्वतः वाचू शकतो. विनाकारण डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. जो पाहतो त्यालाही कोणी पाहत आहे, एवढी एक गोष्ट पुष्कळ मोहांना आवर घालते. तेरा लाखांच्या देशाला जे जमते, ते पंधरा लाखांच्या राज्याला का जमू नये?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली: गोव्यातील प्रत्येक सरकारी व खासगी रुग्णालयात रुग्णाची नोंद ज्याने ज्याने उघडली, त्याचे नाव व वेळ रुग्णाला मागताक्षणी मिळाली पाहिजे. दुसरी: चुकीची नोंद दाखवून दिल्यास ती ठरावीक मुदतीत सुधारावी, जुनी चूक कोणती होती हे दिसू द्यावे आणि ज्यांना ती पाठविली गेली त्या सर्वांना सुधारणा कळवावी. तिसरी: नोंदी फुटल्यास रुग्णाला त्याच्या भाषेत, मराठीत वा कोंकणीत, थेट सांगावे, वर्तमानपत्रातून कळण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. चौथी: नोंदणीच्या खिडकीवर केवळ नावावर विसंबू नये, माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि गावचा वाडा विचारण्यास जी अर्धी मिनिट लागते, तीत एखाद्याचा प्राण वाचू शकतो. पाचवी: संगणक बंद पडला तरी रुग्णालय चालू राहील इतकी कागदाची सोय कायम असावी. यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने मनावर घेतले तर त्या येथेच होऊ शकतात.

वाचकांनीही स्वस्थ बसू नये. आपल्या नोंदींची प्रत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आणि ती ७२ तासांच्या आत दिली पाहिजे असा भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. तो हक्क बजावा. घरी परतण्यापूर्वी कागदावरील नाव, वय आणि रक्तगट वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. मोबाइलवर आलेला ओटीपी म्हणजे आपली संमती आहे. कशासाठी हवा हे विचारल्याशिवाय तो सांगू नका. विचारले म्हणून कोणी उपचार नाकारू लागला, तर तक्रार करा.

या भूमीने अशी राजवट पाहिली आहे की जिच्यात लग्नपत्रिका छापण्यासाठीही सेन्सॉरचा शिक्का लागे. आपले खासगी कागद दुसऱ्याने वाचणे म्हणजे काय, हे १९६१ पूर्वीच्या गोमंतकाने सोसले आहे. तेव्हा वाचणारा परका होता आणि त्याच्याशी भांडण उघड होते. आज वाचणारा अदृश्य आहे आणि तो आपल्याच सोयीच्या दारातून आत आला आहे. त्या दाराला कडी बसविणे हे सरकारचे काम; ती बसली की नाही हे पाहणे नागरिकांचे. रोग्याने वैद्याला सांगितलेली गोष्ट ही रोग्याची आहे. ती जपण्याची हमी ज्यांना देता येत नसेल, त्यांनी ती लिहून घेण्याचा अधिकार मागू नये.